लिमये रडला नव्हता

कुणाच्याही घरी जेवायला गेला की डॉ. गजानन लिमये आधी बूट काढतो, मग कोट काढतो आणि मग विचारतो, "वहिनी, मागचं दार कुठे उघडतं?"

वहिनींना वाटतं, पाहुण्यांना बाग बघायची आहे. त्या कौतुकाने गुलाब दाखवायला नेतात. लिमये गुलाबांकडे ढुंकूनही बघत नाही. कुंपण किती उंच आहे, कडी आतून निघते का, तेवढं बघतो आणि निश्चिंत होऊन पानावर बसतो. इंग्लंडात, आमच्या कॉव्हेंट्रीतल्या बहुतेक मराठी घरांची मागची दारं त्याला पाठ आहेत. समोरून आग आली तर आपण कुठून पळायचं हे ठरल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही.

लिमये भूलतज्ज्ञ आणि मी सर्जन. एकाच हॉस्पिटलात आम्ही बावीस वर्षं काढली. माझ्या पेशंटना तो झोपवायचा आणि पुन्हा उठवायचा. "झोपवेल कुणीही," तो म्हणायचा, "उठवण्याचे पैसे मिळतात मला." ऑपरेशनआधी मी माझा बेत सांगितला की त्याचा एकच प्रश्न असे, "आणि नाही झालं तर?" त्याला उत्तर दिलं की पुन्हा, "आणि तेही नाही झालं तर?" चौथ्या 'नाही झालं तर'ला मी हातमोजे घालायला निघून जायचो.

एकदा लंडनमधल्या एजवेअरला आम्ही एका लग्नाला गेलो. अक्षता वाटून झाल्या, गुरुजी उभे राहिले, आणि मला लिमयेच्या पिशवीत एक घडी घातलेला अंतरपाट दिसला.

"हे काय रे?"

"स्पेअर. त्यांचा फाटला तर?"

"लिमये, अंतरपाट फाटल्याचं ऐकलंयस कधी?"

"म्हणूनच कुणी दुसरा ठेवत नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

त्याची मुलगी मीरा केंब्रिजला संशोधन करते. तिच्याकडे जाताना तो ठरलेल्या ट्रेनच्या आधीच्या ट्रेनने निघतो, आणि त्या ट्रेनसाठी अर्धा तास लवकर स्टेशनवर जातो. मीरा म्हणते, "बाबा एव्हरीटाइम मी झोपलेली असताना येतो."

त्याला गप्प करणारी एकच व्यक्ती होती, त्याची बायको कुमुद. तिच्याकडे 'नाही झालं तर'चं ठरलेलं उत्तर होतं: "नाही झालं तर घरी जाऊ, खिचडी टाकू." दोन हजार दोनमध्ये ती गेली.

लिमयेबद्दल इथवरचं सगळं आमच्या महाराष्ट्र मंडळाला माहीत आहे. मंडळाला त्याची आणखी एक गोष्ट माहीत आहे, ती डोंगरावरची. ती खोटी आहे. ती मी पसरवली. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कुमुद गेल्यानंतर दोनेक वर्षांनी, आम्ही दोघं नुकते निवृत्त झालेलो असताना, मी त्याला स्कॉटलंडच्या स्काय बेटावर ओढून नेलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी होता. आता त्याचं पोट तेवढं उरलंय, काळ्या सुळक्यांची एक वेडीवाकडी रांग. लिमये नको म्हणत होता. मी म्हणालो, "अरे, कळसूबाई सोळाशे मीटर. यातलं एकही शिखर हजाराच्या वर नाही. मेडिकलला असताना आपण सह्याद्री पालथा घातला. हे तर पोरखेळ."

निघताना त्याने आम्ही मुक्कामाला होतो त्या घराच्या मालकीणबाईंना कागद दिला. कुठून चढणार, कुठून उतरणार, आणि पाचपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा. मग त्याच कागदाची दुसरी प्रत दिली, पहिली हरवली तर म्हणून.

वर चढताना तो प्रत्येक वळणावर तीन-चार दगड एकावर एक रचत होता.

"काय रे, वाटेवर पिंड ठेवत चाललायस?"

"परत यायचंय आपल्याला," तो म्हणाला.

तिथला काळा खडक पॉलिशपेपरसारखा खरखरीत असतो, बूट घट्ट धरतो. अधूनमधून मात्र दुसऱ्याच दगडाचे गुळगुळीत पट्टे जातात आणि ओले झाले की त्यांच्यावर काहीच टिकत नाही. आम्ही शिखरावर पोचलो तेव्हा ऊन होतं. सँडविचचा कागद उलगडेपर्यंत समुद्र दिसेनासा झाला. ते संपेपर्यंत लिमये दिसेनासा झाला, आणि तो माझ्यापासून चार हातांवर बसला होता.

मी होकायंत्र काढलं. दोन पावलं सरकलो तर उत्तर दिशा बदलली. आणखी दोन पावलं, पुन्हा बदलली.

"इथला दगड चुंबकी आहे," धुक्यातून लिमयेचा आवाज आला. "पुस्तकात दिलंय. ते ठेव खिशात. आपण माझ्या दगडांवरून उतरू."

पण मला डावीकडून पाण्याचा आवाज आला होता. सह्याद्रीतली आमची जुनी शिकवण अशी की वाट चुकली तर ओढा धरायचा, ओढ्याच्या काठाने उतरत गेलं की खाली वाडी लागतेच. मी म्हणालो, "पाणी आहे तिथे घळ आहे. चल."

"इथे खाली वाडी नाही रे. नाही लागली तर?"

बावीस वर्षांच्या सवयीने मी त्याचं ऐकलं नाही. तो घळीच्या तोंडाशी थांबला आणि मी एकटाच उतरू लागलो.

दहा मिनिटं सगळं ठीक होतं. मग पायाखालचे दगड सुटे झाले. मग माझ्या लक्षात आलं, पाण्याचा आवाज आता शेजारून येत नाही, खूप खालून येतोय. मी एका ओल्या गुळगुळीत पट्ट्यावर आलो होतो. डावा पाय टेकवला तो दगड निसटला. गेला. मी आवाजाची वाट बघत राहिलो. दगड पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागू शकतो हे मला माहीत नव्हतं.

यापुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी खडकाला मिठी मारली. पाय शिवणाच्या मशीनसारखे हलायला लागले, थांबेनात. मी "आई, आई" करत रडलो. माझी पँट ओली झाली आणि तेव्हा पाऊस नव्हता. पोटं उघडताना ज्याचा हात कधी थरथरला नाही तो मी तिथे बोटसुद्धा सोडवू शकत नव्हतो. किती वेळ गेला सांगता येत नाही.

वरून बारीक खडी घरंगळत आली. लिमये उतरत होता. बसून, एकेक पाय चाचपत, तोंडाने काहीतरी पुटपुटत. जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. त्याने माझ्या खालच्या बाजूला, म्हणजे मी घसरलो असतो तर आधी त्याच्यावर आदळलो असतो अशा जागी, बूड टेकलं. आणि बोलायला लागला.

"नमस्कार. मी डॉक्टर लिमये. आता मी तुमच्याशी बोलत राहणार आहे. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं ऐकायचं."

हे तो भूल देण्यापूर्वी पेशंटना इंग्रजीत म्हणायचा, शब्दन् शब्द तेच, आता मराठीत. मेडिकलपासूनचा मित्र मला 'तुम्ही' म्हणत होता. मी त्याचा पेशंट झालो होतो.

"छान. डोळे माझ्याकडे. खाली नाही, माझ्याकडे. आता उजवा हात दोन इंच वर. घाई नाही, आज दुसरी केस नाही. शाब्बास. डावा पाय मी धरलाय, तो आता माझा आहे, तुम्ही त्याची काळजी करू नका."

उतरायला मला वीसेक मिनिटं लागली होती. चढायला दोन तास लागले. दोन तास तो माझ्या खालून एकेक हात, एकेक पाय सांगत राहिला, आणि एकदाही त्याने 'नाही झालं तर' म्हटलं नाही. वर पोचल्यावर त्याने माझ्या कमरेला स्वतःचा रेनकोट बांधला, पुढून. मग बाजूला जाऊन ओकला.

त्याच्या दगडांच्या खुणा धरत आम्ही उतरलो. पोचायला सात वाजले. मालकीणबाईंनी पाचलाच फोन केला होता. अंगणात दोर घेतलेली सहा-सात माणसं उभी होती. त्यांच्यातल्या म्होरक्याने विचारलं, काय झालं, कोण अडकलं?

मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "माय फ्रेंड पॅनिक्ड, आय अ‍ॅम अफ्रेड."

लिमयेने माझ्याकडे पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाला, "येस. सो सॉरी. माय फॉल्ट."

तिथेच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, आणि मी सांगितलं. लोक हसले. पुढच्या वर्षी फर्माईश आली. मग मी हॉलच्या खांबाला मिठी मारून लिमये दाखवायला लागलो, "आई, आई" सकट. दरवर्षी एक नवी लकब घालायचो. लिमये पुढे बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मी विसरलो तर आठवण करून द्यायचा, "अरे, पायांचं राहिलं."

गेल्या दिवाळीला मीरा आली होती. तिने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. सगळे हसत असताना ती बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, तू रिअली असा रडला? मला कधी सांगितला नाही."

"हो गं," लिमये म्हणाला. "फार घाबरलो होतो."

ती हसली नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी चिवड्याची बशी खाली ठेवली.

आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "मी सगळं खरं लिहून मंडळाच्या अंकात देणार आहे."

तो चहा ओतत होता. "कशाला?"

"कशाला काय? पाच वर्षं मी तुझी अब्रू घालवतोय. तू एकदा तरी बोलायचंस ना, गाढवा!"

त्याने दोन्ही कप भरले आणि समोर बसला.

"कुमुद गेल्यावर पहिल्यांदा मंडळात आलो ना," तो म्हणाला, "तेव्हा कुठे बसायचं तेच कळेना. सगळी टेबलं जोडप्यांची. मी कोट हातात घेऊन भिंतीशी उभा राहिलो, जेवण होईपर्यंत. कुणी वाईट नव्हतं रे, पण कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग तुझी ती गोष्ट सुरू झाली. तू हॉलच्या त्या टोकावरून ओरडायचास, 'लिमये, इकडे ये, तुझंच चाललंय!' लोक सरकून जागा करायचे. कुणीतरी ताट आणून द्यायचं."

त्याने माझा कप माझ्याकडे सरकवला.

"लिही तू," तो म्हणाला. "मीराला कळू दे. फक्त दिवाळीला मला हाक मार. नुसतं 'इकडे ये' म्हटलंस तरी येईन मी."