चुंबककोटात आत्यासाहेबांचा श्वास अडला, त्याची हकीकत

॥ श्री प्राणवायु प्रसन्न ॥ शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवशी जे घडले ते सांगतो, आणि आधीच सांगोन ठेवितो की कोणी खरे मानणार नाही. न मानो. आमचे आजवर कोणी काही मानिले नाही आणि त्यावाचोन आमचे जेवण चुकले नाही. राज्याचे नाव पुसो नये. सांगितले तर तेथील लोक भांडावयास येतील.

तर त्या राज्यी चुंबककोट म्हणोन एक अजब स्थळ. मध्ये भुयार, भुयाराभोवती महाचुंबक, आणि माणूस आत निजविला की कातडे न चिरता त्याचे हाड-मांस चित्रात उमटावे. फिरंगी लोक त्यास एमआरआय म्हणती. चुंबकाचा स्वभाव हावरा. लोखंड दिसले की ओढोन घ्यावे. याकरिता दाराशी किल्लेदार हैबतराव बसत आणि आत जाणाराची कट्यार, किल्ल्या, अंबाड्याचे आकडे उतरोन घेत. एकदा खुद्द महाराजांस म्हणाले, "सरकार, पट्ट्याचे बक्कल." मग महाराज एका हाते विजार धरोन आत गेले. ऐसा दरारा.

त्या साली महाराजांच्या आत्यासाहेब अंबूबाई यांची कंबर धरली. वैद्य म्हणाले, भुयारात निजावे. बाई कडाडल्या, "जिवंतपणी बिळात शिरणार नाही, आणि शिरलेच तर गप्प पडणार नाही." हलले की चित्र बिघडते, म्हणोन भूल द्यावी ऐसे ठरले आणि भूलवैद्य कान्होपंत यांस पाचारण जाहले. महाराजांनी त्यांचे दोन्ही हात धरिले आणि बोलिले, "पंत, आईमागे हिनेच मला वाढविले. कंबर राहिली तरी चालेल, श्वास सांभाळा."

भुलेत जीभ मागे पडोन श्वासाची वाट बुजते. ते समयी जीभ उचलोन वाट दाखवावयास पंतांपाशी गळदिवटी असे, तीस फिरंगी लॅरिंगोस्कोप म्हणती: एक वाकडे पाते, एक मूठ, मुठीत सेल, टोकाशी दिवा. वाट दिसली की नळी घालावी आणि वारा सुरू करावा. रोजची दिवटी पोलादी, ती कोटाबाहेर राहे. कोटाकरिता पितळी पात्याची आणि प्लास्टिकच्या मुठीची वेगळी घडविली होती. तिची परीक्षा दसऱ्यास जाहली. त्या राज्याची चाल ऐसी की दसऱ्यास ज्याचे त्याचे हत्यार पूजेत मांडावे आणि त्या दिवशी त्यास विश्रांती असावी, म्हणोन दिव्याचे सेल काढोन फडताळात ठेवावे. हैबतराव हातचुंबक घेऊन आले, पात्यापासोन मुठीपर्यंत फिरविला, कोठे चिकटला नाही, आणि झेंडूचे फूल वाहोन म्हणाले, "पास!" मग दुसरे दिवशी पंतांनी सेल परत घातले. सेलांचा अंगरखा लोखंडी, हे दोघांतील एकाच्याही ध्यानी आले नाही.

मग पंचमीस आत्यासाहेबांस भूल दिली आणि भुयारात सरकविले. आत्यासाहेबांचे घोरणे म्हणजे तोफखाना. ते चालले तोवर सगळे निश्चिंत. एकाएकी ते थांबले. आत बसलेल्या वैद्यांनी मुखवटा लावोन फुगा दाबिला, वारा आत जाईना. पंत दिवटी घेऊन धावले. दारी हैबतराव म्हणाले, "पंत, हातात काय?"

"तुम्हीच फूल वाहिलेत ते! सरा बाजूला!"

"मग जा जा!"

आणि पंत आत शिरतात तोच मुठीने भुयाराकडे ओढ घेतली, आणि पंत मूठ सोडीनात, आणि त्यांचे पाय भुईवरोन सुटले, आणि पंत झेंड्यासारखे आडवे फडफडो लागले.

"सोडा, पंत, सोडा!"

"सोडतो कैसा? सरकारी माल आहे!"

मग हैबतराव आपलाच कायदा विसरले आणि पहाऱ्यास हाक मारिली, आणि पहारेकरी तरवारींसह धावले, आणि तरवारी उडाल्या, भाले उडाले, आचाऱ्याच्या हातचा झारा जिलबीसकट उडाला, आणि मग दरबारचा हत्ती पायीच्या साखळीने ओढला गेला आणि दारात बुचासारखा बसला. इकडे आत्यासाहेबांचे ओठ जांभळे पडो लागले. तेव्हा महाराज हत्तीच्या पोटाखालोन आत आले आणि चुंबकास गरजले, "अरे, ही आमची आत्या! लाज धर!" आणि चुंबक लाजला, आणि विझला, आणि सर्व लोखंड खळ्ळदिशी खाली पडले, आणि पंतांनी पडल्या पडल्या दिवटी लावोन...

"खोटं! सपशेल खोटं!"

आम्ही ही बखर वाचीत होतो त्या सभेत पुढल्या गालिच्यावरोन आवाज आला. खुद्द आत्यासाहेब.

"अरे मेल्या, चुंबक काय निरांजन आहे विझायला? लाजायला तो काय नवी नवरी? त्याला ना झोप ना दया, तो ओढतोच आहे. आणि हत्ती कुठला रे? आमच्याकडे एक तट्टू आहे, तेही लंगडं!"

आम्ही अदबीने म्हणालो, "आत्यासाहेब, आपण तर भुलीत होता."

"मी होते. टेंगूळ भुलीत नव्हतं! हे बघ." असे म्हणोन पदर सारिला. "दिवटी गेली चुंबकाच्या घशात. कान्होपंतानं तिचा नाद सोडला, म्हणून मी बसले आहे इथं. ह्यानं नि हैबतरावानं मला चादरीसकट ओढून दाराबाहेर काढलं, चौकटीवर डोकं आपटलं, आणि बाहेर त्या साध्या पोलादीनंच नळी घातली. काय रे हैबत, खरं की नाही?"

"खरं, आत्यासाहेब," हैबतराव पुटपुटले. "चौकटीकडलं टोक पंतांच्या हाती होतं."

"आहा! आणि घाई करा म्हणून कोण ओरडत होतं?" पंत म्हणाले.

सारांश, श्वास आत अडला तर दिवटी आत नेण्यापेक्षा माणूस बाहेर आणावा, परीक्षा सेल घालोन घ्यावी, आणि जिची बखर तिचेदेखत वाचो नये. लेखनसीमा आत्यासाहेबांचे आज्ञेने.