तांडेल सरांचा तळ

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिन्यापाशी, बल्ब टिकत नाही. टिकत नाही म्हणजे तांडेल सर तो काढून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "इथं उजेड पोचतच नसतो, बोरसे. हा काळोखाचा थर आहे."

सर सरकारी शाळेत विज्ञान शिकवतात. मूळचे कोकणातले, एकटे, माझे सख्खे शेजारी. सिल्वासाला समुद्र नाही, म्हणून त्यांनी चार मजल्यांचा समुद्र करून टाकलाय. गच्ची म्हणजे उन्हाचं पाणी. तिसरा मजला अंधुक उजेडाचा; तिथले मासे मोठ्या डोळ्यांचे, कारण नीट दिसत काहीच नाही. तिसऱ्यावर आमचे सेक्रेटरी पटेलभाई राहतात, जाड चष्म्याचे. तळाला सर आणि मी.

"आपल्याकडे ज्यानं त्यानं स्वतःचा दिवा लावायचा. दुसऱ्याचा दिवा दिसला तर जवळ मात्र जायचं नाही. त्याच्यामागे दात असतात."

धाग्याच्या कंपनीतून दमून आलेल्या माणसाला अंधारातून हे ऐकू आलं की अंगावर काटा येतो. आधी आवाज येतो, मग पांढरा शर्ट दिसतो. सर सगळ्यात शेवटी.

बिल्डिंगच्या मागे एक जुनी विहीर आहे. दिवेलागणीला सर तिच्यात मूठभर भात टाकतात आणि कान देऊन उभे राहतात. बिल्डिंगनं काय समजायचं ते समजून घेतलं. अमावस्येला काठावर लिंबं दिसू लागली, मग नारळ. माझी बायको असलं काही मानत नाही. तिनं फक्त अगरबत्ती लावली.

मग पटेलभाईंनी विहिरीवर स्लॅब टाकायचं ठरवलं. "कोई छोकरू पडलं तर जिम्मेदारी कोणाची, बोरसेभाई?" खरंच होतं ते. पण गवंडी आला तेव्हा सर काठावर बसलेले. उठेचनात. समजूत काढायला मला पाठवलं.

"सर, खाली आहे तरी काय?" मी घाबरतच विचारलं.

"पाणी. दुसरं काय असणार?" त्यांनी काठावरचं एक लिंबू बाजूला सारलं. "माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. सदू. भर समुद्रात पडला, सापडला नाही. तिथं चार किलोमीटर खोल पाणी आहे. तेव्हापासून वाचत बसलो, तिथं कोण कोण राहतं ते."

"कोण राहतं?"

"आंधळे मासे. चिखल चाळत सरकणारे मऊ जीव. तिथं काही उगवत नाही, बोरसे. वरून पडेल ते खातात." त्यांनी विहिरीत पाहिलं. "त्यांची पोटं भरलेली असावीत, एवढंच. म्हणजे सदूला कुणी हात लावणार नाही."

तरी मी बोललो, "पण सर, ही विहीर समुद्राला..."

"मिळत नाही. सहावीला मीच शिकवतो."

फार वाईट वाटलं. तडक तिसरा मजला चढलो आणि पटेलभाईंना दबक्या आवाजात सांगितलं, "खाली जे आहे, त्याला पूर्ण कोंडलं तर आपल्यालाच जड जाईल. थोडी वाट ठेवा." पटेलभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गवंड्याला स्वतः खाली जाऊन सांगून आले.

स्लॅब पडला. मध्ये एक भोक आहे, मूठ जाईल एवढं. सर त्यात कोपरापर्यंत हात घालतात, मूठ उघडतात आणि वाकून ऐकतात.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुकरला तांदूळ लावताना तिनं एक मूठ जास्त घेतली.