म्हसोबाचा कोंबडा दिवेआगरला जातो

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. साडेसात वाजले तरी कैलासची गाडी कासार आंबोलीतच, तुकाबाईच्या दारासमोर घुरघुरत उभी होती. पुढच्या सीटवर कैलासची आई साळूबाई पाचपासून बसली होती, नाकात नथ घालून. समुद्राला नथ कशाला, असं नात सायलीनं विचारलं, तेव्हा साळूबाई म्हणाली की पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचं तर मोकळ्या नाकानं जात न्हाईत.

तुकाबाई ही साळूबाईची धाकटी जाऊ. अकरा वर्षांपूर्वी ती गावातल्या बायकांच्या सहलीबरोबर कोकणात जाऊन आली आणि त्या दिवसापासून साळूबाईच्या जेवणात खडा लागला तो लागलाच. बारशाला बसल्या, तेराव्याला बसल्या, भात लावायला चिखलात उतरल्या, तरी तुकाबाई मान तिरकी करून म्हणायची, “आक्का, समुद्र काय असतो ते तुमाला न्हाई कळायचं. आभाळ खाली आडवं निजल्यावानी दिसतं. लाट माघारी फिरती तवा पायाखालची वाळू वढून नेती, आन् आपणच मागं चाललोय असं वाटतं.” दर वेळी हेच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. साळूबाईला ते सगळं तोंडपाठ झालं होतं, जळजळीसकट. थोरलीनं जे पाहिलं नाही ते धाकटीनं पाहिलं, हे कुठल्या घरात चालतं?

आता सत्तरी उलटली होती. गुडघ्यांनी हात टेकले होते. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि त्यानंतर आपण चालू की खाटेवरून हाका मारू, याचा साळूबाईला भरवसा नव्हता. बघायचा तर आत्ता, नाहीतर गेलाच. आणि बघायचा तो तुकाबाईच्या देखत. कैलास म्हणाला होता, काकीनं पाह्यलाय, तिला कशाला न्यायची.

“साक्षीला,” साळूबाई म्हणाली. “मी एकली बघून आले तर ही गावभर सांगंल, आक्का डबकं बघून आल्या.”

कैलासची गाडी आठवडाभर हिंजवडीच्या एका कंपनीत पोरं ने-आण करायला असते. रविवारी मोकळी. पण त्याच रात्री दहाला हिंजवडीजवळच्या जांबे गावातून पोरं उचलायची होती, म्हणजे कोकणातून पाचला निघणं भाग. सायलीनं फोनमध्ये यादी केली होती: ताम्हिणीचे धबधबे, कुड्याची लेणी, जंजिरा किल्ला, दिवेआगरचा समुद्र. प्रत्येकासमोर वेळ घातली होती. पोरगी हिशोबी, पण तिच्या यादीत पाहुणे नव्हते.

ताम्हिणीच्या रस्त्याला साळूबाईची सोयरीक मैलाच्या दगडांसारखी उभी आहे. ओळखीच्या दारावरून तोंड फिरवून जाणं तिच्या घराण्यात बसत नाही. एकदा गेलं की पुढची दोन लग्नं रुसव्यात जातात. म्हणून आदल्या दिवशी तिनं सगळ्यांना फोन करून ठेवले होते की उद्या आम्ही जातोय, पण काही करत बसू नका. काही करत बसू नका, असं कळवल्यावर माणसं काय काय करतात, हे सांगायला नको.

पौडला व्याह्यांकडे पोहे झाले, वर चहा झाला, आणि निघताना दोघींच्या ओट्या भरल्या. दोन नारळ. मालेला साळूबाईचा भाऊ बाजी राहतो. तिथं सकाळी दहाला पुरणपोळीचं ताट समोर आलं. सायली म्हणाली की मी डाएटवर आहे, तर मामीनं ते एखादं दुखणं समजून तिला जास्तीचं तूप वाढलं. निघताना पुन्हा ओट्या, पुन्हा दोन नारळ, आणि बाजीनं नव्या भाताचं पोतं उचलून आणलं. कोकणात नारळ आणि तांदूळ घेऊन निघालेली ही पहिलीच गाडी असावी.

कैलास म्हणाला, पोतं येताना घेऊ. साळूबाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “सांजपातूर तुझ्या मामीचं मन फिरलं म्हंजी?”

पोत्याला मागं जागा नव्हती. तिथं गाडीचं जादा चाक पडलं होतं.

“ते काढून ठेव हितं,” साळूबाई म्हणाली. “गाडीला चाकं चार लागत्यात. पाचवं कशाला हिंडवायचं? येताना घे.”

कैलास ड्रायव्हर असला तरी मुलगा होता. त्यानं चाक काढून मामाच्या ओसरीवर टेकवलं.

ताम्हिणीचे धबधबे जानेवारीत नसतात. कड्यावर काळे ओघळ होते आणि खाली दुसऱ्यांनी टाकलेले वेफर्सचे पुडे. साळूबाई म्हणाली, हे बघायला पुण्याची माणसं येतात, म्हणजे त्यांच्या घरी काय अवस्था असेल. घाट उतरताना तुकाबाई डोळे मिटून लिंबू हुंगत होती. खाली विळ्याला साळूबाईची भाची नंदा दिली आहे. तिथं दुसरं जेवण झालं, आणि तिथंच कोंबडा गाडीत आला.

कोंबडा साधा नव्हता. नंदाच्या नवऱ्याचा हात मोडला होता तेव्हा तिनं आत्याच्या गावच्या म्हसोबाला, म्हणजे कासार आंबोलीच्या, कोंबडा बोलला होता. तो वर्षभर पाळून आता मांजराला भीत नाही एवढा झाला होता. नंदा दुपारून बारशाला जाणार होती, घराला कुलूप, त्यामुळे येताना घ्यायची सोय नव्हती. तिनं देवाचं नाव घेऊन तो आत्याच्या पदरात घातला. एकदा असा घातलेला कोंबडा हरवायचा नाही, विकायचा नाही, बदलायचा तर मुळीच नाही. म्हसोबाला रंग कळतो.

कुड्याच्या लेण्यांपाशी पोचायला अडीच वाजले. तिथल्या राखणदारानं सांगितलं, कोंबडा वर नेता येणार नाही. साळूबाईनं त्याला विचारलं की आत देव आहेत ना, मग देवाचा कोंबडा देवाकडं न्यायला तुझी हरकत काय. त्यानं हरकत सांगितली नाही, नुसता आडवा उभा राहिला. शेवटी कैलास कोंबडा घेऊन पायरीवर बसला आणि बाकीच्या वर गेल्या, साळूबाई सायलीच्या खांद्याला धरून. सायली दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्खू, त्यांच्या झोपायच्या खोल्या, भिंतीवरची जोडपी, असं सगळं सांगत होती. साळूबाईनं खोल्या मोजल्या, हात लावून पाहिल्या आणि म्हणाली, जांब्यात ह्या भाड्यानं गेल्या असत्या.

वरून लांबवर पाणी दिसत होतं. तुकाबाई पुढं झाली, कपाळावर हात धरला.

“ह्यो बघा समुद्र,” ती म्हणाली. “म्या लांबनंच वळखला.”

“तुका आजी, ती खाडी आहे,” सायली म्हणाली. “समुद्र अजून पुढं.”

तुकाबाई म्हणाली की आज बारीक दिसतोय म्हणून फसले. साळूबाईनं पाण्याकडं पाहिलं. एवढं पाणी तर मुळशीच्या धरणात रोज दिसतं, फुकट. मग तिनं जावेकडं पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पायऱ्या उतरायला लागली.

जंजिरा सायलीनं फोनमधून पुसून टाकला. पुसताना तिनं नाक ओढलं. पोरीनं त्या किल्ल्यासाठी नवी टोपी घेतली होती.

दिवेआगरला सुरूच्या झाडांपाशी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते, आणि शेवटच्या वळणावर फुस्स झालं. मागचं चाक बसलं. जादा चाक मालेला मामाच्या ओसरीवर, आपली जागा नव्या भाताला देऊन बसलं होतं. कैलास आईला चाकावरून एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं साळूबाईला पहिल्यांदा वाटलं. त्यानं चाक काढलं, एका मोटारसायकलवाल्याच्या मागं ते मांडीवर घेऊन बसला आणि एवढंच म्हणाला, “आये, मी येतोय अर्ध्या तासात. तवर काय तो समुद्र उरकून घ्या. मी आलो की गाडी सुटंल. आज पोरं उचलली न्हाईत तर माझं काम जाईल.”

सायली पाणी किती लांब आहे ते बघायला पुढं पळाली आणि फोटो काढत तिकडंच राहिली. ओहोटी होती. नारळपाणीवाला म्हणाला, आज्ये, समुद्र लांब गेलाय, तुमच्या पायानं जाऊन यायला अर्धा तास.

राहिल्या दोघी आणि कोंबडा. बंद गाडीत ठेवावा तर उकडून मरतो, काच उघडावी तर उडतो. झाडाला बांधून पाहिला, तर किनाऱ्यावरची चार कुत्री येऊन समोर जिभा काढून बसली, जशी पंगतीला. कुणीतरी त्याला कवळून बसणं भाग होतं.

“आक्का, तुमी जावा,” तुकाबाई म्हणाली. “म्या पाह्यलाय. म्या धरते ह्याला.”

साळूबाई उठली. नथ नीट केली. चार पावलं गेली आणि थांबली.

“तुके,” ती वळून म्हणाली, “वाळू पायाला गार लागती का गरम?”

तुकाबाईनं कोंबड्याची मान कुरवाळली.

“आन् मघा गाडीतनं उतरल्यावर हा खारट वास कसला येतोय म्हणून इचारलंस. समुद्राला वास असतो हे अकरा वरसांत कधी बोलली न्हाईस.”

मग ते बाहेर पडलं. अकरा वर्षांपूर्वी घाटाच्या प्रत्येक वळणाला तुकाबाईला उलटी झाली होती. कोकणात पोचल्यावर दोन दिवस ती धर्मशाळेत भिंतीकडं तोंड करून पडून होती. बायका ओल्या लुगड्यांनी परत आल्या, एकमेकींना सांगत बसल्या, आणि तिनं पडल्या पडल्या ऐकून घेतलं. आभाळ कुणाचं होतं, वाळू कुणाची होती, तिनं सगळं गोळा करून घरी आणलं. येताना आणायला दुसरं काही नव्हतंच.

साळूबाई झाडाच्या मुळावर बसली. हसावं असं तिला फार वाटलं. अकरा वर्षांत कधीही हा क्षण मिळाला असता तर तिनं पेढे वाटले असते. पण हसू आलंच नाही. अकरा वर्षं ती जळत होती, आणि ज्यासाठी जळत होती ते नव्हतंच.

“आण तो कोंबडा हिकडं,” ती म्हणाली.

“आन् तुमी?”

“तू जा. बघून ये.”

“आक्का, वेळ एकीलाच हाय. तुमचा गुडघा—”

“माझा गुडघा मला म्हाईत हाय. मला अकरा वरसं एका खोटारडीनं हिणवलं, असं मी मरंपातूर घेऊन बसू व्हय? माझी काय इज्जत ऱ्हायली त्यात? जा. बघून ये, म्हंजी समुद्र बघितलेल्या बाईनं हिणवलं असं तरी व्हईल. मागनं का हुईना.”

तुकाबाईनं पदर खोचला. मग कोंबडा जावेच्या मांडीवर ठेवला, चपला हातात घेतल्या आणि सुरूंच्या पलीकडं दिसेनाशी झाली.

साळूबाईला जिथं बसली होती तिथून झाडांची खोडं दिसत होती, मधे वाळूचा उंचवटा आणि त्यावर आभाळ. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. घरात कुणीतरी जातं ओढतंय आणि थांबतच नाहीये, असा. एकदा तिनं उठून टाचा उंचावून पाहिलं. तेवढ्यात कोंबड्यानं तिची नथ धरली, म्हणून पुन्हा बसली.

कैलास चाक घेऊन आला, बसवलं आणि हॉर्न द्यायला लागला. सायली आणि तुकाबाई आल्या. तुकाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि ती रस्त्याकडं न बघता चालत होती.

“आये, झाला बघून?” कैलासनं विचारलं.

“झाला,” साळूबाई म्हणाली. “चल.”

घाट चढताना तुकाबाईला उलटी झाली नाही. मालेला गाडी थांबली, कैलासनं चाक पोत्यावर आडवं घातलं आणि मामाच्या चहाला नाही म्हणाला, घराण्यात पहिल्यांदाच. गाडी पुन्हा रस्त्याला लागली तेव्हा कुठं साळूबाईनं मागं वळून हळूच विचारलं, “कसा हुता?”

“म्या सांगायची तसला न्हाई, आक्का.”

“मग कसला?”

तुकाबाईनं लुगड्याची वाळू झटकली. “न्हाई सांगता येत,” ती म्हणाली.

साळूबाईनं कपाळाला हात लावला. न पाहता अकरा वर्षं हिचं तोंड मिटलं नव्हतं, आणि आज पाहून आली तर मुकी झाली. मग मी काय मिळवलं, असं तिनं मांडीवरच्या कोंबड्याला विचारलं. तो झोपला होता.

कोंबडा म्हसोबाला पोचला. नंदाचा नवस फिटला. कैलासनं जांब्यातली पोरं उचलली, पण गाडीला अजून कोंबड्याचा वास येतो म्हणून पोरांनी कंपनीत तक्रार केली, आणि धुण्याचा खर्च त्याच्या अंगावर आला.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या अपेक्षाच्या लग्नाची हळद दळायला बायका जमल्या. जात्याभोवती साळूबाईला मधोमध बसवलं. सांगा की आक्का, समुद्र कसा असतो, असं सगळ्या म्हणायला लागल्या. साळूबाईनं पदर सावरला, मान तिरकी केली.

“आभाळ खाली आडवं निजल्यावानी दिसतं,” ती म्हणाली. “लाट माघारी फिरती तवा पायाखालची वाळू वढून नेती, आन् आपणच मागं चाललोय असं वाटतं.”

जातं थांबलं. मग कुणीतरी तुकाबाईकडं वळून विचारलं, “तुमी बी गेलता ना बरुबर? तुमी काय बघितलं औंदा?”

तुकाबाई जात्यात हळकुंडं टाकत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“म्या काय बघतीय,” ती म्हणाली. “म्या कोंबडा धरून बसले हुते.”