‘इनव्हॅल्युएबल’चं प्रकरण

“माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही,” असं गुप्तहेर साहेब येईल त्याला सांगत. मुंगीची तक्रार घेऊन अजून कोणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा मेहुणा. तो साहेबांचा शब्द न् शब्द वहीत टिपून घेई, कारण बहिणीच्या घरी फुकट राहायचं तर काहीतरी करावंच लागतं.

मंगळवारी दुपारी वाचनालयातल्या बाइंडरबाई आल्या. हाताला खळ, डोळे लाल. दोघा बाइंडरांपैकी एकाला काढणार अशी कुजबुज होती, आणि आज नव्या प्रमुखांनी इंग्रजीत चिठ्ठी धाडली होती. एकच ओळ: ‘युअर वर्क इज इनव्हॅल्युएबल.’

साहेबांनी भिंग लावलं. “शब्द फोडावा लागतो, बाई. मधे व्हॅल्यू, म्हणजे किंमत. मागे एबल, म्हणजे लायक. इथवर सगळी सभ्य मंडळी. पण पुढे हा ‘इन’ दबा धरून बसलाय! इनकरेक्ट, इनकम्प्लीट... जाईल तिथे सत्यानाश. अर्थ उघड आहे. तुमच्या कामाला कवडीची किंमत नाही.”

बाई कळवळल्या. “अहो, दोन पोरींची शिक्षणं व्हायचीत माझ्या!”

मेहुण्याला राहवेना. “पण दाजी, ‘इनडोअर’मधला इन म्हणजे आत ना?”

“शाब्बास! म्हणजे मौल्यवान वस्तू आत! बाई, तुमच्यावर चोरीचा आळ आहे. पिशवी उघडा.”

पिशवीत सुई, दोऱ्याचं रीळ आणि रिकामा डबा निघाला. साहेबांनी डबा हुंगला आणि बेत बदलला.

“‘इन’ मागाहून चिकटवलाय. चिकटवायला काय लागतं? खळ! आणि खळ कोणाच्या हाताला आहे?”

“मी कशाला माझीच नोकरी घालवीन?”

“तीच तर तुमची चलाखी!”

शेवटी हकालपट्टीपेक्षा राजीनामा बरा, असं ठरवून साहेबांनी तो मेहुण्याकडून लिहून घेतला. बाईंनी सहीसाठी पेन उचललं. मेहुण्याला फार वाईट वाटलं, पण वहीत तसा रकाना नव्हता.

तेवढ्यात त्याची ताई शर्टाला बटण लावत बाहेर आली. “अहो, अमूल्य म्हणजे काय?”

“फार मोलाचं,” साहेब म्हणाले. “तपासात व्यत्यय नको.”

“का बरं? अशक्य म्हणजे शक्य नाही. मग अमूल्य म्हणजे फुकटचं का नाही?”

साहेबांनी भिंग पुन्हा चिठ्ठीवर धरलं.

“किंमतच करता येणार नाही इतकं मोलाचं,” ताईने दोरा दातांनी तोडला. “तोच हा शब्द, बाई. कौतुक केलंय तुमचं. अशा माणसाला कोण काढतंय?”

“मी याच निष्कर्षाकडे येत होतो,” साहेब म्हणाले. मेहुण्याने तेही टिपून घेतलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पदराने डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. “एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी चांगलं बोललं हो, आणि मी धावत गुप्तहेराकडे आले!”