झाकणांवरची नावं

अठराव्या दिवशी सकाळी ताईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मग झाकणांवरची नावं पुन्हा एकदा वाचली. पेशी छान धडधडत होत्या. फक्त नको त्या डिशमध्ये.

ताईचं संशोधन म्हणजे मूळपेशींना मायक्रोआरएनए देणं. हे चिमुकले रेणू पेशीतल्या नको त्या जनुकांना गप्प बसवतात, आणि मग मूळपेशीची हृदयाच्या स्नायूची पेशी होते, असं तिला सिद्ध करायचं होतं. एका डिशला ते दिले होते, दुसरीला नाही. दिलेली ढिम्म पडून होती आणि न दिलेली धडधडत होती. हे खरं असेल तर तीन वर्षं पाण्यात. झाकणांचा घोळ असेल तर पुन्हा अठरा दिवस, आणि उद्यापासूनची सुट्टी गेली. तीन वर्षांतली ती पहिलीच सुट्टी होती. आईने गावी तिच्यासाठी गादीसुद्धा उन्हात घातली होती.

तिने मार्गदर्शक सरांना सगळं सांगून टाकलं. नावं डिशवर लिहायची सोडून तिने झाकणांवर लिहिली होती. मंगळवारी झाकणांवर वाफ धरली, तिने दोन्ही पुसली, आणि परत ठेवताना कोणतं कुठे ठेवलं ते आठवत नव्हतं. त्या दिवशी ती उभ्याउभ्याच झोपली होती.

"त्याची काळजी नको," प्रयोगशाळेतले जुने मदतनीस मामा दारातून म्हणाले. "तुमच्या हातून झाकणांची अदलाबदल झालीय असं वाटलं मला. तुम्ही गेल्यावर गुपचूप बदलून टाकली."

ताईचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिच्याआधीपासून प्रबंध लिहीत असलेला दादा खाकरला. मामा झाकणांशी काहीतरी करताहेत हे त्याने पाहिलं होतं. मामांनी घोळ घातला असणार, म्हणून त्याने ती पूर्ववत केली होती.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि दादाला मी काचेतून पाहिलं," ते हळूच म्हणाले. "त्याचा हात लागला की काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून मीही बदलली."

म्हणजे तिघांनी मिळून तीनदा, हिशेबाने एकदाच बदलल्यासारखं. सगळं आता मंगळवारच्या ताईवर अवलंबून होतं, आणि ती तर झोपली होती. कुणीच कुणाकडे बघेना. सगळ्यांनी तिच्या भल्यासाठीच केलं होतं, त्यामुळे तिला धड चिडताही येईना. तिला नुसतं रडू येत होतं.

"पुन्हा लाव," सर म्हणाले. "यावेळी नावं डिशवर. आणि तू जा सुट्टीवर. पेशींना खायला मी घालेन."

सरांनी वीस वर्षांत पेशींना हात लावला नव्हता. ताईने नव्या डिश लावल्या, त्यांना दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या आणि ती निघाली.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"अगं, तुझ्या सूचनांत रोज लिहिलंय. म्हणजे रविवारीसुद्धा?"

"हो सर. रविवारीसुद्धा."

"म्हणजे गेली तीन वर्षं तू..." सरांनी वाक्य अर्धवटच सोडलं. मग थकलेल्या आवाजात विचारलं, "किती वाजता?"

"आठला, सर."

साडेनऊ वाजले होते. ताईने फोन उशीखाली सारला आणि कूस बदलली.