गावडेकाकांची काळी चकती

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत कुणी नवे बूट आणले, की दुसऱ्या दिवशी गावडेकाका दारात हजर. बुटांचं कौतुक करायला नव्हे. खोक्यात ओलावा शोषणारी जी पांढरी पुडी येते, ती मागायला. "वैनी, फेकलात नाय मां?" फेकली म्हटलं, तर कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसं तोंड करतात.

काका पार्ल्याच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा अंगातून गेली नाही. चहात आधी थर्मामीटर बुडवतात. बासष्ट डिग्रीवर उतरल्याशिवाय कप तोंडाला लावत नाहीत. मी "पाच मिनिटांत आले" म्हटलं की घड्याळ लावून बसतात. "अंदाज सांगू नकात, आकडो सांगा," हे पालुपद. एकटेच राहतात. मुलगा नंदू सांताक्रूझला असतो. गणपतीला येतो, पाणी पितो आणि जातो.

यंदा माझ्या नववीतल्या ईराने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेतला, हाय टेम्परेचर सुपरकंडक्टर. मला न विचारता, अर्थात. मी घाबरून तिला घेऊन काकांना गाठलं. "घरात आगबिग नाही ना लागणार?"

"उणे एकशे ऐंशी डिग्री."

"ह्याला हाय म्हणतात?"

"आधीचे ह्याच्याहून गारठलेले होते, वैनी. त्यांच्या मानान् हो मे महिनो!"

मग त्यांनी कपाटातून स्टीलची डबी काढली. आत बुटांच्या पुड्या आणि पुड्यांच्या मधोमध कोटाच्या बटणाएवढी काळी चकती. कॉलेजच्या भट्टीत त्यांनी स्वतः भाजलेली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ती थंड केली, की तिच्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते, आणि वर धरलेलं छोटंसं लोहचुंबक चक्क हवेत तरंगतं. मात्र ओलावा लागला की चकती बाद. मुंबईची हवा पापडाला सोडत नाही, हिला काय सोडणार!

"इतकी वर्षं कुणासाठी जपलीत?" मी सहज विचारलं.

काकांनी डबीचं झाकण लावलं आणि सांगितलं. नंदू सातवीत असताना त्याच्या शाळेत ही दाखवायची ठरली होती. फ्लास्कमध्ये एका खेपेपुरताच नायट्रोजन होता. नेमके त्याच दिवशी कॉलेजात सरांकडे पाहुणे आले. सर म्हणाले, गावडे, पाहुण्यांना दाखवू.

"मी होय म्हटलंय. माझो झील, नंदू, थंय शाळेत रिकामी वाटी घेवन उभो. परीक्षकांका सांगत ऱ्हवलो, बाबा येतत."

त्यानंतर त्यांनी ती कधी वापरली नव्हती.  ईरा लगेच म्हणाली, "मग नंदूकाकाला बोलवूया ना!"

"कित्याक येतलो तो?" काका म्हणाले. तरी तिने त्याला फोन केलाच.

नायट्रोजन दिला आमच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी. चामखिळी गोठवायला त्या तो ठेवतात. काका झाकण सैल ठेवून फ्लास्क मांडीवर घेऊन रिक्षात बसले. वाफा बघून रिक्षावाल्याने विचारलं, "चाचा, बिर्याणी है क्या?"

प्रदर्शनात काकांनी थर्माकोलच्या वाटीत चकती ठेवून नायट्रोजन ओतला. जुनी चकती, चालेल की नाही कुणास ठाऊक. त्यांनी चिमट्याने चुंबक वर धरलं आणि सोडलं. ते तरंगलं! पोरं "झकास!" म्हणून ओरडली. मग काय, पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा. दुपारपर्यंत फ्लास्कमध्ये एका खेपेपुरता नायट्रोजन उरला.

तेवढ्यात मुख्याध्यापिका प्रमुख पाहुण्यांना घेऊन आल्या. "काका, आता पाहुण्यांना दाखवा बघू."

काकांनी फ्लास्क उचलला आणि तसाच धरून ठेवला. दाराशी नंदू उभा होता. चाळिशीला टेकलेला, खांद्याला ऑफिसची बॅग.

"बाई, जरा थांबा," काका म्हणाले. "माझो झील इलो हा."

पाहुणे बाजूला सरकले. नंदू टेबलाशी आला. काकांनी घाईघाईने फ्लास्क कलता केला, तसा नायट्रोजन वाटीबाहेर सांडू लागला. नंदूने बॅग खाली ठेवली आणि त्यांचं मनगट धरलं.

"सावकाश ओता, बाबा," तो म्हणाला. "मी आहे अजून."