दीड मिलिमीटरचा मान

प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी दीड मिलिमीटरच्या नव्या प्राण्याचं वर्णन टेबलावर ठेवलं, तेव्हा विभागप्रमुखांनी आधी नाव वाचलं. प्राण्याला त्यांचं स्वतःचंच नाव दिलं होतं. आपण शोधलेल्या प्राण्याला आपलंच नाव देणं शास्त्रज्ञांत निर्लज्जपणाचं मानतात. साहेबांचं नाव देणं मात्र शिष्टाचारात बसतं. शिवाय प्राध्यापकांची बढती अकरा वर्षं साहेबांच्या सहीपाशी अडली होती.

"विहिरीत सापडला? कोळंबीचा भाऊबंद?" साहेब खुलले. पुढे वाचता वाचता चेहरा उतरला. "'डोळे नाहीत'? हे काय?"

"सर, जमिनीखालच्या पाण्यात अंधारच. डोळ्यांचा उपयोग नाही."

"माझ्या नावाखाली असं छापणार? 'दृष्टी अंतर्मुख' लिहा. आणि हे 'रंगहीन'?"

"आतडंसुद्धा आरपार दिसतं, सर."

"मग 'पारदर्शक कारभार' म्हणा की!"

प्राध्यापक "हो सर" म्हणाले. घरी बायको कडाडली, "अहो, सरळ नाही म्हणा! तुमचा तो जुना विद्यार्थीही विहिरींत जाळी टाकत हिंडतोय. ज्याचं आधी छापून येईल त्याचा प्राणी, असं तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो उद्या."

उद्या साहेबांना 'कुजका पाला खातो' खटकलं. तिथे 'मिताहारी' आलं. परवा 'धक्का लागताच गाळात दडतो' याचं 'प्रसिद्धीपराङ्मुख' झालं. पायांवरचे केस प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून मोजले होते, एकवीस. ते साहेबांच्या टकलाला झोंबले, म्हणून तेही गेले. सहा महिन्यांनी लेख रवाना झाला आणि आठ दिवसांत परत आला. संपादकांनी कळवलं होतं, "सत्पुरुषाचा परिचय झाला. प्राणी कोणता?"

प्राध्यापकांनी मूळ मसुदा शोधून काढेपर्यंत विद्यार्थ्याचा लेख छापून आला. तोच प्राणी, एकवीस केसांसकट. नाव मात्र प्राध्यापकांचं! खाली टीप: 'ज्यांनी मला जाळी टाकायला शिकवलं, त्या गुरूंना.'

बढती बुडाली होती, साहेब बोलेनासे झाले होते, तरी प्राध्यापकांना भरून आलं. त्यांनी लेख बायकोपुढे धरला. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं: डोळे नाहीत, रंग नाही, धक्का लागताच गाळात दडतो.

"मुलगा हुशार हो," ती म्हणाली. "दोनच वर्षं तुमच्या हाताखाली होता, पण निरीक्षण बघा!"